चाळीस वर्षांच्या सह्या करण्यापूर्वी मुळशीची फाइल उघडा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग,
आणि ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: सह्याद्रीतील उदंचन (पाणी वर चढवून वीज साठवणारे) जलविद्युत प्रकल्प आणि त्यांचे दीर्घ मुदतीचे करार

महोदय,

हे पत्र सौरऊर्जेच्या किंवा धरणांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. हल्ली प्रश्न विचारणाऱ्याला आधी विरोधकांच्या रांगेत उभे करतात आणि मग त्याचे ऐकायचे की नाही ते ठरवतात. पॉलिटेक्निकच्या मुलांना विद्युत यंत्रे शिकवण्यात माझी नोकरीची सारी वर्षे गेली. कोळसा कमी व्हायला हवा आणि दुपारच्या उन्हाची वीज रात्रीसाठी कुठेतरी साठवायला हवी, याबद्दल माझे दुमत नाही. पण या साठवणुकीसाठी तुम्ही ज्या डोंगरांत शिरत आहात, तिथेच या राज्याची पहिली मोठी वीज शंभर वर्षांपूर्वी तयार झाली. तिचा हिशेब मावळात अजून मिटलेला नाही. नवे करार करण्याआधी तो वाचावा, म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे.

देशातल्या अक्षय ऊर्जेची गोष्ट सरकारी भाषणांत साधारण 2010 साली सुरू होते. त्या वर्षी राष्ट्रीय सौर अभियान आले, 2022 पर्यंत 20,000 मेगावॉटचे लक्ष्य ठरले. 2015 मध्ये ते पाचपट केले गेले. 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी 2030 पर्यंत 500 गिगावॉट (पाच लाख मेगावॉट) बिगर-जीवाश्म क्षमतेची घोषणा केली. 2025 च्या मध्यावर देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायूच्या बाहेरचा झाला. कामगिरी खरी आहे, कौतुक करायलाच हवे. स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष तारेतून येणारी वीज यांत मात्र फरक असतो, आणि ती वीज आजही सुमारे तीन-चतुर्थांश कोळशाचीच आहे, हे त्या भाषणांत सहसा येत नाही.

गोष्टीची खरी सुरुवात त्याहून जुनी आहे आणि ती पाण्याची आहे. 1897 साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला छोटे जलविद्युत केंद्र सुरू झाले. 1902 मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. मग पाळी आपल्या घाटमाथ्याची. मुंबईच्या गिरण्या तेव्हा वाफेवर चालत, त्यांचा कोळसा दूर बंगालकडून यायचा, आणि डोळ्यांसमोर सह्याद्रीवर दर पावसाळ्यात अफाट पाणी कोसळायचे. ते माथ्यावर अडवायचे आणि सुमारे 500 मीटर खाली कोकणात सोडायचे, ही ती योजना. जमशेटजी टाटांच्या हयातीत ती कागदावरच राहिली. 1910 मध्ये टाटा हायड्रो कंपनी निघाली, 1911 मध्ये लोणावळ्याला कोनशिला बसली, 1915 मध्ये खोपोलीचे केंद्र सुरू झाले. 1922 मध्ये भिवपुरी, 1927 मध्ये भिरा. म्हणजे मुंबईच्या गिरण्यांना आपण आज जिला ‘हरित’ म्हणतो ती वीज शंभर वर्षांपूर्वीच मिळाली. अभियंता म्हणून मी या तीन केंद्रांपुढे हात जोडतो. ती अजून चालू आहेत, भिऱ्यात तर नव्वदच्या दशकात 150 मेगावॉटचा उदंचन संचही बसला. उदंचन म्हणजे काय, हे मंत्रालयातल्या सादरीकरणाआधी कितीतरी वर्षे या खोऱ्याने पाहिले आहे.

आता त्याच गोष्टीची वरची बाजू, घाटमाथ्यावरची.

भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले. बुडणार होती मुळशी पेट्यातली 52 गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे. उत्तम आंबेमोहोराची खाचरे होती ती. लोकांना विचारण्याआधीच शेतात खणायला सुरुवात झाली होती. 1894 च्या भूसंपादन कायद्याचा आधार होता, आणि ‘सार्वजनिक हित’ कशाला म्हणायचे ते ठरवणारे सरकार मुंबईत बसले होते. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन ठाण मांडले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते इथून. लढा 1924 पर्यंत चालला, शेवटी बापटांनी धरणाच्या कामावरची आगगाडी अडवून हल्ला केला आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालेच.

या लढ्यात पुण्याची बाजू काय होती, हे पुणेकरांना फारसे आठवायला आवडत नाही. पुण्याच्या पुढाऱ्यांनी सभा गाजवल्या, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, हे खरेच. पण त्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांच्या नावावर होते. त्यांना जमीन वाचण्यात रस नव्हता, मोबदला चांगला मिळण्यात होता. मोबदल्याचा आकडा पुढे येताच लढ्याला तिथूनच भेग पडली. ज्याचे नाव सात-बारावर होते त्याला पैसे मिळाले. जो पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभा राहून भात लावत होता, तो डोंगराच्या कडेला सरकला.

आणि वीज? ती गेली मुंबईला. पाणीही भीमेच्या खोऱ्यातून निघून घाट उतरले. भिऱ्याला टर्बाइन फिरवून ते कुंडलिकेत जाते आणि तिथून समुद्राकडे. कोलाडला सुट्टीत राफ्टिंग करणाऱ्या किती पुणेकरांना ठाऊक असते, की त्यांची होडी ज्या लाटेवर उसळते ती सकाळच्या वीजनिर्मितीतून सुटलेली असते? इकडे पुण्याची वाढती उपनगरे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि महापालिका मुळशीचे पाणी मागत राहते.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तुमच्या खात्याच्या अहवालांत तो आहे. चाळीसच्या दशकात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याबरोबर वीजही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होती. वीज स्वस्त आणि मुबलक हवी आणि तिच्या नियोजनासाठी मध्यवर्ती तांत्रिक यंत्रणा हवी, ही त्यांची भूमिका. 1948 चा वीजपुरवठा कायदा त्याच वाटेने आला. स्वातंत्र्याच्या वर्षाअखेरीस अख्ख्या देशाची क्षमता 1,362 मेगावॉट होती. आज एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची तिच्या दुप्पट आहे. 1960 मध्ये राज्य वीज मंडळ निघाले, साठच्या दशकात कोयना सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने 1,960 मेगावॉटवर गेली. कोयनेने महाराष्ट्र उजळला असे आपण शाळेत शिकलो, शिकवलेही. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाची आठवण त्या खोऱ्यात अजून निघते. आणि कोयनेचे धरणग्रस्त? त्यांच्या नातवंडांच्या पिढीला जमिनीच्या हक्कासाठी अलीकडच्या वर्षांतही ठिय्या द्यावा लागला आहे. जलविद्युत स्वच्छ असते, पण तिचा व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही.

नंतर कोळसा आला, धुराची किंमत विदर्भाने मोजली. मग आले रत्नागिरी जिल्ह्यातले दाभोळचे वीजकेंद्र.

दाभोळवर मला थोडे थांबायचे आहे, कारण माझा मुख्य मुद्दा तिथून निघतो. 1993 मध्ये वीज मंडळाने अमेरिकेतल्या एन्रॉनच्या कंपनीशी खरेदी करार केला. करार गुप्त ठेवला गेला. वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमतेचे पैसे द्यायचेच, असा त्याचा गाभा होता. पुण्यातल्या ‘प्रयास’सारख्या गटांनी तेव्हाच आकडेमोड करून हे मंडळाला पेलणार नाही असे सांगितले होते. 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि 2001 मध्ये मंडळाने ती वीज घेणे थांबवले. माधव गोडबोले यांच्या समितीने त्या साऱ्याची चिरफाड केली, ती तुमच्या ग्रंथालयात असेल. दाभोळचे यंत्र चांगले होते, टर्बाइनला कोणी नावे ठेवली नाहीत. नडला तो करार.

आता आजचा प्रश्न. दुपारी बारा ते तीन सौरवीज भरपूर असते, बाजारात भाव पडतात. संध्याकाळी सहानंतर पॅनेल झोपतात आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, एसी, इस्त्र्या चालू होतात. यावर उपाय म्हणून दुपारच्या स्वस्त विजेने खालच्या तलावातले पाणी वर चढवायचे आणि रात्री तेच खाली सोडून वीज घ्यायची. शंभर युनिट घातली तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. तंत्र जुने आहे, भरवशाचे आहे, नगर-ठाण्याकडच्या घाटांत घाटघरला आपल्याकडेच 250 मेगावॉटचा प्रकल्प चालतो. 2023 मध्ये राज्याने टाटा पॉवरबरोबर पुणे जिल्ह्यातल्या शिरवत्याला 1,800 आणि भिवपुरीला 1,000 मेगावॉटच्या उदंचनाचा सामंजस्य करार केला. गुंतवणूक सुमारे 13,000 कोटी. शिरवता म्हणजे खोपोलीला पाणी देणाऱ्या तलावांपैकीच एक. शंभर वर्षांनी आपण त्याच तलावाशी येऊन पोहोचलो आहोत. जुने तलाव वापरल्याने नवी बुडीत जमीन कमी लागते, हा या जागेचा मोठा गुण आहे आणि तो मी मान्य करतो. सगळ्या प्रस्तावित जागांना मात्र तो लागू होणार नाही.

आता पैशांकडे या. इगतपुरीजवळच्या भावलीच्या 1,500 मेगावॉट उदंचन क्षमतेसाठी 2024 मध्ये जो दर जाहीर झाला, तो प्रत्येक मेगावॉटला वर्षाला 84.66 लाख रुपये, चाळीस वर्षे. गुणाकार सोपा आहे: वर्षाला सुमारे 1,270 कोटी. हे नुसते साठवणुकीचे भाडे झाले, पाणी वर चढवायला लागणारी वीज आपलीच. प्रकल्प वर्षभर रोज पूर्ण आठ तास चालला तर रात्रीच्या प्रत्येक युनिटवर या भाड्याचे साधारण 2 रुपये 90 पैसे बसतात. निम्माच चालला तर 5 रुपये 80 पैसे. म्हणजे हा करार स्वस्त की महाग हे त्या 84.66 लाखांवर ठरत नाही. 2045 साली संध्याकाळी किती वीज लागेल आणि ती साठवण्याचे दुसरे काय उपाय असतील, यावर ठरते. आणि त्या दुसऱ्या उपायांकडे पाहा. 2022 मध्ये केंद्राच्या पहिल्या मोठ्या बॅटरी-निविदेत दोन तासांच्या साठवणुकीचा दर महिन्याला प्रत्येक मेगावॉटमागे 10.83 लाख निघाला होता. तीनच वर्षांत तशाच बोली, काही प्रमाणात अनुदानाच्या आधाराने का होईना, अडीच लाखांच्या खाली आल्या. दोन तासांची बॅटरी आणि आठ तासांचे धरण ही सरळ तुलना नव्हे, हे मला कळते. बॅटरी दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागते, धरण शंभर वर्षे उभे राहते. पण ज्या वस्तूची स्पर्धक वस्तू तीन वर्षांत चौपट स्वस्त होते आहे, तिच्यासाठी चाळीस वर्षे ठरावीक भाडे द्यायचे कबूल करताना हात जरा थरथरायला हवा. दाभोळच्या वेळी थरथरला नव्हता.

म्हणून आयोगाकडे पहिली मागणी अशी, की उदंचनाच्या प्रत्येक करारात दर दहा वर्षांनी फेरतपासणीचे कलम असावे, आणि एकूण किती क्षमता बांधून घ्यायची याची राज्यासाठी एक कमाल मर्यादा आधी जाहीर सुनावणीतून ठरावी. एकेक करार स्वतंत्रपणे मंजूर होत गेला तर प्रत्येक वेळी तो रास्तच वाटेल. बेरीज कोणीच करणार नाही, आणि ती अखेर आमच्या बिलात ‘स्थिर आकार’ म्हणून उमटेल. करार गुप्त ठेवण्याचे दिवस गेले, असे म्हणतात. मग ते मराठीत, साध्या भाषेत, त्या-त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला हरकत नसावी.

ऊर्जा विभागाकडे मागणी जमिनीबद्दल आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ऐंशी टक्के आणि भागीदारीतल्या प्रकल्पासाठी सत्तर टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास सांगितला आहे. कंपनी दलालांमार्फत तुकड्या-तुकड्याने जमीन थेट विकत घेऊ लागली की हे सगळे बाजूला पडते. मावळ-मुळशीत जमिनीचे दलाल कसे काम करतात हे पुण्यातल्या कोणालाही विचारा. पौडच्या रस्त्याने गाडी चालवली तरी फलकांवरून कळेल. सात-बारावर नाव असलेला पुण्या-मुंबईत राहतो आणि कसणारा किंवा गुरे चारणारा कातकरी, धनगर, मावळी तिथे राहतो, ही 1921 ची स्थिती पुष्कळ जागी अजून तशीच आहे. तेव्हा उदंचनाच्या जागी जमीन कशीही घेतली जावो, संमती आणि सामाजिक अभ्यास बंधनकारक करा, आणि तिथे राहणाऱ्याला मोजा, फक्त मालकाला नको. 2008 च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणाने स्थानिक विकासासाठी एक टक्का वीज बाजूला काढण्याची कल्पना मांडली होती. ती इथेही लावा. पैसा जिल्ह्याच्या खात्यात नको, त्या खोऱ्यातल्या ग्रामसभांच्या खात्यात हवा.

‘तुम्ही पुणेकर फुकटचे सल्ले देता, वीज तर तुम्हालाच सगळ्यांत जास्त लागते,’ असे उत्तर येईल. ते अगदी चुकीचे नाही. 2006 मध्ये गावोगाव बारा-बारा तास भारनियमन असताना पुण्याने उद्योगांची जनित्रे चालवून आणि बिलात जादा आकार सोसून स्वतःपुरती भारनियमनमुक्ती विकत घेतली. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते नावाजले गेले. त्याच जिल्ह्यात जुन्नर-शिरूरचा शेतकरी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जात होता, आणि उसात बिबट्या असतो. दिवसा वीज द्या ही त्याची मागणी कित्येक वर्षांची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे मोल मला सगळ्यांत जास्त वाटते ते यामुळेच: गावाजवळच्या उपकेंद्राशी सौर प्रकल्प, शेतीसाठी वेगळा फीडर (वीजवाहिनी), दिवसा पाणी. शिवाय साठवणुकीच्या दृष्टीने पाहिले तर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. रात्रीची मागणी दुपारी नेली की तेवढी वीज साठवावीच लागत नाही. विहिरीतले पाणी दुपारी शेतात गेले, एवढ्यात काम झाले.

शहरालाही हेच करता येते आणि त्यासाठी धरण लागत नाही. कोथरूड, बाणेर, वाकड, हडपसर इथल्या सोसायट्यांचे पाण्याचे पंप पहाटे आणि संध्याकाळी चालतात, कारण वॉचमनची वेळ तशी लावली आहे. ते दुपारी चालवायला टायमर पुरतो. पार्किंगमधल्या विजेच्या गाड्या रात्री आठला चार्जिंगला लागतात, नेमक्या सर्वाधिक मागणीच्या वेळी. 2023 च्या केंद्रीय नियमांनी सौर तासांत स्वस्त आणि गर्दीच्या वेळी महाग दराची दिशा दाखवली आहे. हा फरक घरगुती ग्राहकाच्या बिलात ठळक, कळेल असा दिसू द्या. आम्ही पुणेकर स्वस्तासाठी पंप काय, कुकरही दुपारी लावू. छतांचेही तसेच. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट लागतात आणि पुण्यात त्यावर दिवसाला सरासरी चार युनिट निघतात. सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला 18,000. तरीही गच्च्या रिकाम्या आहेत. वरच्या मजल्यावरचा म्हणतो गच्ची माझी, खालचा म्हणतो फायदा मला काय, आणि सर्वसाधारण सभा चहावर संपते. इथे आयोगाने एका गच्चीवरची वीज अनेक सदनिकांच्या बिलांत वाटून देण्याची पद्धत इतकी सोपी करावी, की सेक्रेटरीला त्यासाठी सल्लागार नेमावा लागू नये.

पुण्याच्या गच्च्या आणि पुण्याचे टायमर यांतून किती संध्याकाळ वाचते, हे आधी मोजा. त्यानंतर जी गरज उरेल तेवढीच घेऊन सह्याद्रीकडे जा.

शेवटची विनंती सुनावणीबद्दल. शिरवता-भिवपुरीची आणि पुढे येणाऱ्या घाटमाथ्यावरच्या प्रत्येक प्रकल्पाची सुनावणी मुंबईत कफ परेडच्या कार्यालयात किंवा संगणकाच्या पडद्यावर घेऊ नका. वडगाव मावळला घ्या, पौडला घ्या, कर्जतला घ्या, एसटीने येता येईल अशा वेळी घ्या. तारीख पंधरा दिवस आधी मराठी वर्तमानपत्रांत द्या. मी लेखी म्हणणे आवश्यक तितक्या प्रतींत घेऊन येईन, आणि खोऱ्यातली माणसे बोलून झाल्यावर वेळ उरला तरच बोलेन. फक्त गुरुवार टाळा. गुरुवारी आमच्याकडे देखभालीसाठी वीज बंद असते आणि ध्वनिक्षेपक चालणार नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
कोथरूड, पुणे येथील एक वीजग्राहक